माळावर कुऱ्हाड कशासाठी?

पहिला पाऊस पडला की वृक्षारोपणासाठी मोकळा माळ शोधला जातो. हेतू चांगला असतो, पण जागा चुकली की माळ मरतो.

गैरसमज : माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल.
वस्तुस्थिती : कमी पावसाच्या पट्ट्यातली आपली माळरानं फार जुनी आहेत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी १३व्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांतून गवत आणि विरळ काटेरी झाडांचाच प्रदेश समोर येतो. तरीही सरकारी नोंदीत अशा जमिनीवर ‘पडीक’ असा शिक्का बसतो.

गैरसमज : झाड लावल्यानं तोटा होत नाही.
वस्तुस्थिती : सोलापूरजवळचं नान्नज अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी जाहीर झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि दूरवर नजर ठेवून धोका ओळखतो. त्याच्या माळावर गिरिपुष्प या बाहेरून आणलेल्या झाडाची दाटी झाली, तर ही नजरच अडते. कर्नाटकात राणेबेन्नूरच्या काळवीट अभयारण्यातही निलगिरीची लागवड झाली. कच्छमधल्या बन्नीत १९६१ च्या सुमारास खारं रण रोखायला वेडी बाभूळ लावली, ती कुरणातच पसरली. दाट सावलीत पवन्या, मारवेल ही गवतं टिकत नाहीत. मग मेंढपाळांनी मेंढरं चारायची कुठे?

गैरसमज : माळावर लावलेलं झाड तोडलं की काम संपलं.
वस्तुस्थिती : बांधावरचा गिरिपुष्प शेतकरी पाल्यासाठी छाटतो आणि तो पुन्हा फुटतो. माळावर बुंधा ठेवून तोडलात तरी तेच होतं. म्हणून रोपं ओल्या मातीत मुळासकट उपटायची. वेडी बाभूळ जमिनीखाली वीतभर खोल कापायची, कारण तिचे धुमारे बुंध्याच्या तळातून येतात. तिच्या शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी पसरतं, म्हणून शेंगा पिकण्याआधी तोड व्हायला हवी. पुढे काही वर्षं दर पावसाळ्यात फेरी मारून नवी रोपं काढायची, स्थानिक गवताचं बी पेरायचं आणि ते रुजेपर्यंत चराई थांबवायची.

गैरसमज : माळ वाचवायचा, तर एकही झाड नको.
वस्तुस्थिती : विरळ बोर, हिवर ही झाडं माळाचीच आहेत; ती राखायची. काढायची ती बाहेरून आणलेली, दाटी करणारी झाडं.

खड्डे खणण्याआधी जवळच्या धनगराला विचारा, इथे पूर्वी काय उगवायचं? उत्तर गवत असेल, तर रोपं गावठाणात, रस्त्याकडेला लावा. माळाला गवतच राहू द्या.