वेळ मिळवून देणारी प्रथिनं

क्ष-किरणांचा मारा झालेली यीस्टची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी हतबल दिसते. कळी मोठी झालेली, केंद्रक मानेपाशी येऊन ठाकलेलं, आणि पुढे काहीच नाही. डीएनए तुटला, यंत्रणा बिघडली, म्हणून विभाजन अडलं, असा सरळ अर्थ कोणीही लावेल. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी १९८८ साली या समजुतीलाच सुरुंग लावला. पेशीला पुढे जाता येत होतं. तिला आतूनच कोणीतरी अडवून धरत होतं.

तो अडवणारा होता रॅड९. हे जनुक निकामी असलेल्या पेशी किरणांनंतर थांबत नाहीत. तुटक्या गुणसूत्रांसकट विभागत राहतात आणि मरतात. दुरुस्तीच जमत नसेल म्हणून मरत असतील का? दोघांनी सूक्ष्मनलिका मोडणारं एक औषध घालून या पेशींचं विभाजन काही तास रोखलं, मग ते धुऊन टाकलं. जगणाऱ्या पेशींचं प्रमाण चांगलंच वाढलं. दुरुस्तीची हत्यारं शाबूत होती, कमी पडत होती ती उसंत. इतक्या कमी साधनांत इतका मोठा प्रश्न सोडवणारे प्रयोग जीवशास्त्रात फार नाहीत. (ते औषध म्हणजे आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना बुरशीनाशक म्हणून ठाऊक असलेलं कार्बेन्डाझिम. यीस्टही शेवटी बुरशीच.)

रॅड९ स्वतः काही कापत नाही की सांधत नाही. डीएनए तुटल्याची खबर मेक१ या प्रथिनाला लागते आणि ते रॅड९वर फॉस्फेटचे गट चढवतं. त्या गटांना रॅड५३चे रेणू येऊन चिकटतात, एकमेकांच्या निकट आल्यामुळे एकमेकांनाच चेतवतात आणि पेशीभर निरोप पोचवतात. माणसात मेक१चा भाऊबंद आहे एटीआर आणि रॅड५३चा सीएचके२.

पेशीला असं अडवून धरणाऱ्या यंत्रणेला चेकपॉइंट म्हणतात. दुसरा चेकपॉइंट गुणसूत्रांच्या वाटणीवरचा. या यीस्टमध्ये १६ गुणसूत्रं असतात. वाटणीच्या वेळी प्रत्येकाच्या दोन्ही प्रतींना विरुद्ध टोकांकडून येणाऱ्या सूक्ष्मनलिकांनी धरावं लागतं. १९९१ साली रोंग ली व अँड्र्यू मरे यांनी मॅड, तर अँड्र्यू हॉइट आणि सहकाऱ्यांनी बब ही जनुकं शोधली. दोघांची रीत एकच: नलिका मोडणारं बेनोमिल घालायचं आणि तरीही न थांबणाऱ्या पेशी हुडकायच्या.

यातलं मॅड२ माझ्या मते सगळ्यांत विलक्षण. अवघ्या १९६ अमिनो आम्लांचं हे प्रथिन दोन आकारांत राहू शकतं, उघड्या आणि मिटलेल्या. मिटताना त्याचं शेपूट जोडीदार रेणूभोवती वळसा घेतं, गाडीतल्या सीटबेल्टसारखं. नलिका न लागलेल्या गुणसूत्रापाशी मॅड१ला बांधलेलं मिटलेलं मॅड२ बसून असतं. ते आसपासच्या उघड्या मॅड२ला ओढून घेतं आणि सीडीसी२० या प्रथिनाभोवती मिटायला लावतं. एकाच गुणसूत्रापासून असे कैक रेणू तयार होऊन निघतात. सीडीसी२० अडकलं की पीडीएस१ नष्ट होत नाही. पीडीएस१ टिकून आहे तोवर ईएसपी१ या कात्रीला मोकळीक नाही, आणि गुणसूत्राच्या दोन प्रतींना बांधून ठेवणारी कडी तुटत नाही. शेवटची नलिका लागली की नवा पुरवठा बंद होतो.

गंमत अशी की मॅड२ काढून टाकलेलं यीस्ट प्रयोगशाळेत मजेत वाढतं. घाई नडतेच असं नाही. उंदराचा गर्भ मात्र त्याविना जगत नाही.

थांबण्यालाही मुदत असते. डीएनएत दुरुस्त न होणारी एकच तूट मुद्दाम करून ठेवली, तर यीस्टच्या बऱ्याच पेशी कित्येक तास वाट पाहतात आणि मग तूट तशीच घेऊन विभागतात. १९९७ साली डेव्हिड टॉक्झिस्की, हार्टवेल आणि सहकाऱ्यांना असा एक सीडीसी५ उत्परिवर्तक सापडला, ज्याला हे पुढे सरकणं जमतच नाही. नेहमीच्या पेशींमध्येही तुटी दोन असल्या, तर बहुतेक पेशी कायमच्या अडून राहतात.