पथ्याचा कागद आणि वाण्याचे दुकान

काही वर्षांपूर्वी माटुंग्यातील एक वृद्धा माझ्याकडे चिकित्सेसाठी येऊ लागल्या. मूळ पालघाटकडील तमिळ कुटुंब, मुंबईत तिसरी पिढी. वय बहात्तर. दिवसातून पाच-सहा वेळा द्रवमलप्रवृत्ती, अन्नद्वेष, पिंढऱ्यांत गोळे आणि झपाट्याने होणारी बलहानी. आवश्यक त्या सर्व तपासण्या आधीच झालेल्या होत्या व त्यांत चिंताजनक असे काही निघाले नव्हते. ग्रहणीचे निदान करून कुटज, बिल्व, सुंठ अशी सरळ औषधयोजना केली आणि सोबत पथ्याचा छापील कागद दिला. ज्वारीची भाकरी, मुगाचे कढण, साळीच्या लाह्या, ताजे ताक. अशा प्रकारचा कागद आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलाच्या खणात असतोच.

तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा मलप्रवृत्ती थोडी उणावली होती, परंतु वजन आणखी दीड किलोने घटले होते. औषध नियमित, पथ्यही नियमित. सूनबाईंनी संकोचत सांगितले, "डॉक्टरसाहेब, ज्वारी आमच्या घरात कधी आलीच नव्हती. यूट्यूबवर पाहून भाकरी थापते. मामी दोन घास घेतात आणि ताट सरकवतात." (आसपासची सर्व मंडळी त्यांना मामी म्हणत, म्हणून सूनही मामीच म्हणे, पुढे मीही म्हणू लागलो.)

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायाच्या उत्तरार्धात देशसात्म्याचा विचार आला आहे. प्राच्यांना मत्स्य, सैंधवांना क्षीर, अश्मक व अवंती येथील लोकांना तैल आणि अम्ल, मलयवासीयांना कंदमूलफल, मध्यदेशीयांना यव, गोधूम व गोरस आणि दक्षिणेकडील लोकांना पेया सात्म्य असल्याचे तेथे सांगितले आहे. हा भाग मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तरीही दाक्षिणात्य घरातील अग्निमांद्याने ग्रासलेल्या वृद्धेच्या हाती मी सोलापूरकडचा आहार दिला होता. चूक सर्वस्वी माझी होती.

मामींच्या चिरंजीवांना म्हटले, "तुमचे सामान कोठून येते ते मला दाखवा." पुढच्या रविवारी सकाळी आम्ही माटुंगा स्थानकाच्या पूर्वेकडील बाजारात गेलो. फुलांच्या माळा, केळीची पाने आणि ताज्या दळलेल्या कॉफीचा वास यांतून वाट काढीत एका जुन्या दुकानाच्या फळीशी उभे राहिलो. पुढील पाऊण तासात जे दिसले त्याने मी अंतर्मुख झालो. काचेच्या एका बरणीत मिरीएवढी काळपट सुकी फळे होती. दुकानदार म्हणाले, "मणत्तक्काळी वत्तल." ती आपली काकमाची, मराठीत कामोणी. तिची फळे मिठाच्या ताकात भिजवून वाळवलेली असतात व तुपात तळून भाताशी खातात. शेजारच्या बरणीत सुंडक्काय, म्हणजे रानवांग्याच्या जातीतील, बृहतीच्या जवळच्या नात्याची कडवट फळे. वाळवलेली कडुनिंबाची फुले. चुक्कु म्हणजे सुंठ, ओमम म्हणजे ओवा, वसंबु म्हणजे वेखंड. कंडंतिप्पिली या नावाने पिंपळीच्या मुळा-काड्यांचे तुकडे. हे काष्ठौषधींचे दुकान नव्हते, हे ध्यानात घ्यावे. येथे लोक इडलीचा तांदूळ आणि उडीदडाळ घ्यायला येतात.

ही द्रव्ये एकत्र भाजून केलेली 'अंगायपोडी' नावाची पूड तमिळ घरांत बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्यास देतात. सुंडक्काय, निंबपुष्प, सुंठ, मिरी, जिरे, कढीपत्ता. घराघरांत प्रमाण निराळे, परंतु घटकांकडे पाहिल्यास दीपन-पाचनाचा हेतू लपत नाही. मामींना ही पूड ठाऊक होती, किंबहुना माहेरी ती त्यांनी स्वतः कुटलेली होती. वैद्याच्या कागदावर तिचे नाव नसल्यामुळे ती वर्ज्य असावी अशी घरच्यांची समजूत झाली होती! कागदावर जे लिहिलेले नाही ते निषिद्ध, असा अर्थ आपले रुग्ण किती सहज काढतात, हे मला त्या दिवशी कळले.

पथ्य बदलले. उकड्या तांदळाची पातळ कंजी, तीत सुंठ-जिरे, चार दिवसांनी मऊ भात, तूप आणि चमचाभर अंगायपोडी, दुपारी ताक. औषध तेच ठेवले. सहा आठवड्यांत वजन पूर्ववत झाले. हे यश केवळ आहाराचे असा दावा करणार नाही, कारण औषधही चालूच होते. परंतु मामींचे ताट रिकामे होऊ लागले, एवढे निश्चित.

त्यानंतर मी शहरातील निरनिराळ्या समाजांच्या किराणा दुकानांतून हेतुपुरस्सर फिरू लागलो. मुंबईत याची सोय उत्तम आहे, कारण येथे आलेल्या प्रत्येक समाजाने आपले स्वयंपाकघर बरोबर आणले आणि त्याला पुरवठा करणारा वाणीही.

भुलेश्वर-काळबादेवी परिसरात गुजराती व मारवाडी सामानाची दुकाने दाटीने आहेत. तेथे 'बत्रीसुं' मागावे. बत्तीस औषधिद्रव्यांची ही पूड गूळ, तूप, डिंक यांत घालून सूतिकेसाठी 'काटलुं' हा पाक करतात. गुजराती सूतिकेला अळिवाची खीर आग्रहाने सांगण्यापूर्वी घरात काटलुं होणार आहे काय, हे विचारावे. नाहीपेक्षा दोन्ही सुरू होतात आणि त्या बिचारीच्या अग्नीवर दुप्पट भार पडतो. मारवाडी दुकानांत केर आणि सांगरी वाळवलेल्या स्वरूपात मिळतात. केर म्हणजे करीर, सांगरी म्हणजे खेजडीच्या, अर्थात शमीच्या, कोवळ्या शेंगा. ग्रंथकारांनी शमीफल गुरू, उष्ण आणि केशघ्न सांगितले आहे. पिढ्यान्‌पिढ्या सांगरी खाणारी भरघोस केसांची कुटुंबे मी पाहिली आहेत. तो निर्देश पक्व फळाचा असावा काय, हे जाणकारांनी सांगावे.

चेंबूर कॅम्प आणि उल्हासनगर या फाळणीनंतर वसलेल्या सिंधी वस्त्यांत 'भें' म्हणजे कमळकाकडी नित्याच्या भाजीइतकी सहज मिळते. मोहम्मद अली मार्गाच्या आसपास अत्तारांकडे उन्नाब, बिहीदाना, बनफ्शा आणि चांगले मुनक्के. दादर-गिरगावातील कोकणी मालाच्या दुकानांत उकडा तांदूळ, कुळिथाचे पीठ, आगळ आणि आमसुले. येथे एकच सूचना. आमसुले व आगळ यांत बहुधा मीठ असते. रक्तदाबाच्या रुग्णास वृक्षाम्ल पथ्यकर म्हणून सांगताना बिनमिठाचे मागावयास सांगावे.

लालबागविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तेथेही माझी एक चूक पदरी आहे. गिरणगावातील या बाजारात उन्हाळ्यात पाऊल ठेवावे तो मिरचीच्या ठसक्याने डोळ्यांत पाणी येते. बेडगी, संकेश्वरी निवडून, भाजून, डंखावर कुटून वर्षाचा मसाला घरी नेणाऱ्यांची रीघ लागलेली असते. दगडफूल, जायपत्री, तिरफळ, चक्रीफूल, नागकेशर हे सारे तेथे ढिगांनी. माझ्या एका निवृत्त गिरणी कामगार रुग्णास रक्तार्शासाठी नागकेशर, लोणी व खडीसाखर हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा योग मी दिला. नागकेशर चूर्ण करून घ्या, असे तोंडी सांगितले. त्यांनी ते घराजवळच्या मसाल्याच्या दुकानातून आणले. पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आले की रक्त थांबत नाही, उलट आग वाढली आहे.

पुडी उघडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. आपल्याला अभिप्रेत असलेले नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे पुंकेसर. पिवळसर तपकिरी, हलके, मंद सुगंधी. मसाल्याच्या बाजारात नागकेशर म्हणून जे मिळते ते बहुधा 'काळे नागकेशर', म्हणजे दालचिनीच्या कुलातील वृक्षांची देठासह वाळवलेली अपक्व फळे. दिसायला लवंगेच्या धाकट्या भावंडासारखी, चवीला तिखट आणि दालचिनीच्या वळणाची. तिसरे 'तांबडे नागकेशर' म्हणजे सुरंगीच्या कळ्या. हीच सुरंगी कोकणात वेण्यांत माळतात. दुकानदाराने फसवणूक केली नव्हती. गोड्या मसाल्यात जे नागकेशर पडते तेच त्याने दिले. त्याच्या शास्त्रात तेच खरे. औषध म्हणून काय हवे ते नीट सांगणे माझे काम होते, आणि उष्ण-तीक्ष्ण द्रव्य रक्तपित्ताच्या अवस्थेत पंधरा दिवस पोटात गेले ते माझ्यामुळे.

हिंगाची गोष्ट याच जातीची. बाजारातील बहुतेक हिंग 'बांधानी' असतो. शुद्ध निर्यास अत्यंत उग्र असल्यामुळे तो पीठ आणि डिंक यांत मळून विकण्याजोगा करतात. शुद्ध माल परंपरेने अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियातून येतो. आपल्याकडे लागवडीचा प्रयत्न लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. या पिठात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. गहू पूर्ण वर्ज्य केलेल्या रुग्णाचे पोट काही केल्या शांत होत नसेल तर त्याच्या हिंगाच्या डबीवरील घटक वाचून पाहावेत. मला अशी एक डबी सापडली होती.

दुकान चांगले कसे ओळखावे, असे तरुण वैद्य विचारतात. माझी कसोटी साधी आहे. ज्या समाजाचे दुकान, त्या समाजातील वयस्क स्त्रिया तेथे उभ्या दिसल्या पाहिजेत. त्यांच्याइतका कठोर परीक्षक दुसरा नाही, आणि त्या जेथे जातात तेथे माल पडून राहत नाही. दुसरे असे की अख्खे द्रव्य मागावे, पूड नव्हे. वास घ्यावा, दोन दाणे चावून पाहावे. कुरकुर न करता चावू देणारा वाणी विश्वासार्ह समजावा. पावसाळ्याच्या अखेरीस साठ्यातला माल दमट, प्रसंगी बुरसटलेला असतो, तेव्हा भाद्रपदात मोठी खरेदी टाळावी. आणि नाव त्यांच्या भाषेत विचारावे. माटुंग्यात 'काकमाची' म्हणालो असतो तर नकारच मिळाला असता.

तांदळाबाबत अधिक सावध असावे. केरळीय दुकानात 'लाल तांदूळ' मागितला की जाड, उकडा, तांबड्या कोंड्याचा मट्टा पुढे येतो. तो उत्तम धान्य आहे, पण शिजावयास वेळ घेतो आणि मंदाग्नीस जड पडतो. आपला षष्टिक म्हणजे तेथील ञवरा, सुमारे साठ दिवसांत येणारा. पिंडस्वेदासाठी हाच वापरतात. त्याचे उत्पन्न थोडे आणि भाव साध्या तांदळाच्या कैक पट. एका रुग्णाने महिनाभर मट्टा खाऊन षष्टिक घेतल्याचे समाधान मानले होते. चिठ्ठीवर नुसते 'लाल तांदूळ' लिहिणारा मीच होतो, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेलच.

मशीद बंदरचा मसाल्याचा व धान्याचा घाऊक व्यापार १९९० च्या दशकात वाशीच्या बाजार समितीकडे गेला, तरी किरकोळ दुकानांचे जाळे टिकून राहिले. आता इमारतींच्या पुनर्विकासात दुकाने पाडली जातात. काहींना नव्या जागी गाळा मिळतो, काही धनी पैसे घेऊन थांबतात. माझ्या माहितीच्या एका दुकानात आता मोबाईल विकतात. किराणा दहा मिनिटांत दारी येऊ लागला आहे, ही सोय मीही वापरतो. परंतु तेथे नागकेशर या एका शब्दावर तिन्हींपैकी कोणतेही द्रव्य येऊ शकते, आणि "कशासाठी हवे?" असे विचारणारा फळीपलीकडचा माणूस नसतो.

माझ्या छापील कागदाची उरलेली प्रत रद्दीत गेली. रुग्णपत्रिकेत आता दोन रकाने वाढले आहेत : 'मूळ गाव' आणि 'किराणा कोठून आणता?' दुसऱ्या प्रश्नाने रुग्ण चकित होतात, मग खुलून बोलू लागतात. टेबलावर तीन छोट्या बाटल्यांत तीन नागकेशरे ठेवली आहेत. ज्याला हवे ते दाखवून, चिमूटभर पुडीत बांधून देतो. ती पुडी दुकानात जुळवून पाहावी.

मामी आता ऐंशीच्या घरात आहेत. दरवर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून दीपावली लेहियमची डबी येते. पहाटे अभ्यंगस्नानानंतर आणि फराळापूर्वी चाटावयाची. कंडंतिप्पिली, सुंठ, ओवा, गूळ, तूप आणि तिळाचे तेल एवढे मला जिभेवर ओळखता येते. आणखी दोन द्रव्ये आहेत. ती कोणती, हे मामी सांगत नाहीत. माटुंग्याच्या दुकानात जाऊन विचारा म्हणतात.