रक्त तपासलं, पोटाचं काय?

दोन-दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही ज्यांचे भास आणि संशय हटत नाहीत, अशा स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी क्लोझापिन हा मोठा आधार आहे. या औषधाची धास्ती मात्र जुनी. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही जणांच्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या, आठ जण दगावले आणि अनेक देशांत औषध मागं पडलं. मग १९८८ मध्ये अमेरिकेतली चाचणी प्रसिद्ध झाली. इतर गोळ्यांना दाद न देणाऱ्यांपैकी सहा आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्के सुधारले, तुलनेच्या औषधाने अवघे ४ टक्के. औषध परतलं, पण नियमित रक्ततपासणीची अट घेऊनच. अट रास्त होती. पण तिच्यामुळे सगळ्यांची नजर रिपोर्टवर खिळली आणि पोटाकडे काणाडोळा झाला.

पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत घसरणं शंभरात एकाच्याही वाट्याला येत नाही. आतडी मंदावणं मात्र नेहमीचंच. चार दिवस पोट साफ नाही, हे असा रुग्ण आपणहून सांगत नाही. घरचेही ‘दिवसभर बसून असतो, होणारच’ म्हणून सोडून देतात. पुढे आतड्यात मळ अडकून जीवावर बेतू शकतं. अमेरिकी औषध नियामकांनी याबद्दलचा इशारा २०२० मध्ये कडक केला. बिडीचंही तसंच. तिच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. वॉर्डात बिडी सुटली की तीच मात्रा अंगावर येते, झापड वाढते. तंबाखू मळून खाणाऱ्याचं असं होत नाही, कारण करामत धुराची, निकोटिनची नव्हे.

पोटाबद्दल, बिडीबद्दल असे प्रश्न विचारले तर नातेवाईक घाबरून गोळ्याच बंद करतील, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही; एकदम औषध सोडलं की आजार उसळतो. पण न सांगितलेला त्रासही गोळ्या सोडायला लावतोच. शिवाय फिनलंडमधल्याच २००९ च्या मोठ्या पाहणीत स्किझोफ्रेनियावरच्या औषधांपैकी क्लोझापिन घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी आढळलं, हेही त्यांना त्याच बैठकीत सांगता येतं. ओपीडीतल्या गर्दीची सबब मला पटत नाही. ‘शेवटची शौचाला कधी झाली?’ हे विचारायला अर्धं मिनिट पुरतं. उत्तर लिहायला केसपेपरवर जागा हवी, पेशींच्या आकड्याशेजारीच.