तण नाही ताई, भाजी!

“अवो ताई, ही उपटून टाकली व्हय? ही तर भाजी!”

पावसाळ्यातली सकाळ. गच्चीवरच्या कुंड्यांतलं तण उपटून मी कोपऱ्यात ढीग केला होता. घरकामाला येणाऱ्या मावशींनी त्यातला कोवळा कुर्डू निवडून ओच्यात घेतला आणि लसूण-मिरचीच्या फोडणीत परतला. मुलांनी चक्क मागून खाल्ला! आणि मी आदल्याच दिवशी पालकाची जुडी विकत आणली होती.

मैत्रिणींनो, आमचा मुळशी तालुका म्हणजे आंबेमोहोर भाताचं आगर. आता भूगाव, बावधन, हिंजवडीकडे खाचरांच्या जागी इमारती दिसतात. मावशींच्या सासरचं खाचर आमच्या शेजारच्याच इमारतीखाली गेलं. पैसे आले, घर बांधलं, दोन लग्नं झाली, पैसे संपले. “पूर्वी मिठाशिवाय काय इकत आणत नव्हतो. आता कोथिंबीरबी इकत,” असं त्या सहज बोलून गेल्या. मला मात्र दिवसभर चैन पडलं नाही.

या तालुक्याला जमीन जाणं नवीन नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली इथे मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. बायकाही मागे राहिल्या नाहीत. तरी धरण झालं, खाचरं पाण्याखाली गेली. तेव्हा पाणी आलं, आता सिमेंट.

गेलेलं शेत गच्चीवर मावणार नाही, हे कबूल. पण भाजी मावते! मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली सहकाऱ्यांबरोबर बाग सुरू केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून त्यांनी तिथे भाज्याच काय, फळझाडंही वाढवली. त्यामागे होती श्रीपाद अच्युत दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ची शिकवण. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. ऊन, पालापाचोळा आणि नीट निरीक्षण एवढ्या भांडवलावर थोड्या जागेतही भरपूर पिकतं, हे त्यांनी शेतकऱ्यांना प्रयोगांतून पटवून दिलं.

आम्ही सहा घरांनी मिळून तेच करायचं ठरवलं. तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच ओरडा, “स्लॅब गळेल!” भीती खोटी नव्हती. ओली माती फार जड असते आणि पाणी साचलं की गळती ठरलेलीच. म्हणून आम्ही माती कमी केली. जुन्या बादल्या, गोण्या यांना खाली भोकं पाडली. तळाशी रसवंतीतली उसाची चिपाडं, वर वाळका पाला, मध्ये भाज्यांची देठं-सालं, अधूनमधून मूठभर शेणखत. हे ओलसर ठेवायचं, चिखल होऊ द्यायचा नाही. दोन-तीन महिन्यांत ते खाली बसतं, काळंभोर होतं. मग वर मातीचा पातळ थर देऊन बी टाकायचं. बादल्या स्टँडवर ठेवल्या, म्हणजे खालून पाणी वाहून जातं आणि झाडूही फिरतो.

पाला पाहून मावशी हसल्या. भाताचं रोप टाकण्याआधी पाला-शेण पसरून राब भाजण्याची इथली रीत. “आमचा राब रोपाच्या कामी यायचा. तुमचा सफाईवाला तर पाला उगाच जाळतो!” तेव्हापासून सोसायटीतला पाला जाळणं बंद झालं.

बी त्यांनीच आणलं. दोडका, घेवडा, भोपळा. राखेत घोळून डब्यात जपलेलं. आमच्याकडे पाऊस दणकून पडतो, त्यामुळे मेथी-पालक सडतात. ते दिवाळीनंतर लावायचे, पावसाळ्यात वेलभाज्या, हेही त्यांनीच शिकवलं. उन्हाची जागा मात्र हवीच; फळभाज्यांना निदान पाच-सहा तास. आणि रानभाजी जाणत्या बाईने ओळखल्याशिवाय कढईत टाकू नका बरं का!

पहिला दोडका उतरला तेव्हा प्रश्न आला वाटणीचा. सहा घरं, सहा वाटे. कुणीतरी म्हणालं, “मावशींना उरलेलं देऊ.” मला ते लागलं. बी त्यांचं, अक्कल त्यांची, आणि त्यांना उरलेलं? बरीच चर्चा झाली, थोडी कुरबूरही. शेवटी सात वाटे झाले. बियाणं राखण्याच्या कामाचे पैसे पगाराशिवाय वेगळे ठरले.

मावशींनी वाटा घेतला, पण फार बोलल्या नाहीत. जाताना एक जून दोडका मात्र वेलावरच ठेवायला सांगितला, पुढच्या वर्षीच्या बियांसाठी.

तुमच्याही घरी अशी कुणी येत असेल, जिच्या हातून एके काळी शेत पिकलं असेल. कुंडीतलं तण उपटण्याआधी तिला एकदा हाक मारून बघा. आणि वाटे घालताना तिचा वाटा आधी मोजा.