आल्बेरोबेल्लोची बिनचुन्याची घरे

दक्षिण इटलीतील पुलिया प्रांतात, बारी शहराच्या आग्नेयेस सुमारे ५५ किलोमीटरवर, आल्बेरोबेल्लो हे दहा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. बारीहून येणारी छोटी रेल्वे ऑलिव्हच्या बागांमधून इथे पोहोचते आणि एका दिवसात सारे गाव पायी पाहून होते. पांढऱ्या भिंतींवर करड्या दगडाचे शंकू चढवलेल्या इथल्या घरांना ‘त्रुल्ली’ म्हणतात. जुन्या वस्तीत अशी दीड हजारांहून अधिक घरे आहेत. १९९६ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला.

या घरांचे रूप ठरवले ते इथल्या जमिनीने. सारा मुलूख चुनखडीच्या पठाराचा. मातीचा थर पातळ, त्यामुळे शेत करायचे तर आधी दगड वेचून काढावे लागत. पावसाचे पाणी खडकात मुरून जाते. बारमाही नदी-ओढा नाही. म्हणून घर बांधण्याआधी जमिनीत टाके खोदत, खोदताना निघालेला दगड भिंतींना लावत आणि छतावर पडणारे पाणी पन्हळीने त्याच टाक्यात सोडत.

भिंत दुहेरी असते. आत-बाहेर रचलेला दगड, मध्ये बारीक दगडांची भर. चुना कुठेच नाही. छताचा प्रत्येक वर्तुळाकार थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवलेला असतो आणि शेवटी वरचे तोंड एका दगडाने मिटवतात. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांची छते याच रीतीने मिटवलेली दिसतात. त्रुल्लीच्या छतावर मग ‘कियांकारेल्ले’ नावाच्या पातळ फरश्यांचे आवरण येते. प्रत्येक फरशी बाहेरच्या बाजूला जराशी उतरती बसवलेली असते, त्यामुळे सांध्यांत चुना नसूनही पाऊस आत झिरपत नाही. टोकावर कोरीव कळस. आत एक मुख्य खोली, तिच्याभोवती भिंतींच्या जाडीत काढलेली पडद्याआडची झोपण्याची जागा आणि शंकूच्या पोकळीत सामान ठेवायला लाकडी माळा. खिडक्या अगदी लहान, त्यामुळे भर उन्हाळ्यातही आत गारवा राहतो.

शेतातली खोपटी अशी असणे समजण्याजोगे आहे. पण अख्खे गावच बिनचुन्याचे का, याचे उत्तर करात आहे. नेपल्सच्या राज्यात नवी वस्ती वसवायला राजाची परवानगी लागे आणि कर भरावा लागे. हा मुलूख कोन्व्हेर्सानोच्या आक्वाव्हिवा घराण्याच्या जहागिरीत होता. राबायला माणसे हवीत, पण कर नको, म्हणून या सरंजामदारांनी कुळांना चुना वापरण्याची मनाई केली. तपासणीस येणार अशी कुणकुण लागली की छते उतरवायची, म्हणजे गाव कागदोपत्री नव्हतेच! सतराव्या शतकातल्या दुसऱ्या जानजिरोलामोचे नाव यात विशेष घेतले जाते. आज ज्या शंकूंची छायाचित्रे काढली जातात, त्यांच्याखाली राहणाऱ्यांना आपल्या छपरावरही हक्क नव्हता, हे विसरून ही घरे पाहणे अन्यायाचे ठरेल. अखेर गावकऱ्यांचे शिष्टमंडळ तारांतोला राजा चौथ्या फेर्डिनांडला भेटले आणि २७ मे १७९७ रोजी गाव सरंजामदारीतून सुटले. त्याच वर्षी गावचा पहिला महापौर फ्रांचेस्को द’आमोरे याने चुना वापरून घर बांधले. राजाच्या अनुज्ञेने बांधल्याचा लॅटिन लेख त्या ‘काझा द’आमोरे’वर आहे.

गावाचे दोन जुने भाग समोरासमोर आहेत. ‘रिओने मोंती’ टेकडीच्या उतारावर आहे; तिथे हजारावर त्रुल्ली असून पुष्कळशा घरांत आता दुकाने आहेत. काही शंकूंवर चुन्याने क्रूस, हृदय, ग्रह अशी चिन्हे रंगवली आहेत. टेकडीच्या माथ्यावरचे सेंट अँटनीचे चर्चही शंकूच्या घुमटाचे आहे, पण ते बांधले १९२६-२७ साली. पलीकडचा ‘आया पिक्कोला’ हा भाग शांत असून तिथे अजून लोक राहतात. गावाची खरी ओळख याच गल्ल्यांत पटते. उत्तरेला, मोठ्या चर्चच्या मागे ‘त्रुल्लो सोव्रानो’ आहे. अठराव्या शतकातले हे घर दुमजली असून वर जायला भिंतीतून जिना आहे. आता ते संग्रहालय आहे.

जुन्या छताची फरशी फुटली तर ती बसवायला हे काम जाणणारा गवंडीच लागतो. बिनचुन्याच्या दगडी बांधकामाची ही कला इटलीसह आठ युरोपीय देशांच्या वतीने २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली.