वडिलांचे काय झाले?

कल्याण स्टेशनबाहेर 'कॅम्प तीन' एवढेच म्हटले, तरी रिक्षावाल्याला उल्हासनगर कळते. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची कहाणी अशीच आहे. तिथल्या छावणीतही सिंधी आले आणि तिचे गांधीनगर झाले. फरक इतकाच, की वळिवड्याच्या बराकींत त्यांच्या आधी पोलंडची माणसे राहून गेली होती.

१९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे होते. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. शाळा, चर्च, स्काउट पथके, सारे काही तिथे उभे राहिले. अनेक मुलांचे वडील युरोपात आणि आखातात सैन्यात होते. काही घरांत मात्र वडिलांचे शेवटचे पत्र १९४०च्या आरंभी आलेले होते. त्यानंतर काहीच नाही.

असे का झाले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १ सप्टेंबर १९३९ला हिटलरने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला स्टालिनचे सैन्य पूर्वेकडून आत शिरले. हजारो पोलिश अधिकारी कैद झाले. त्यांत नेहमीचे सैनिक होते, तसे गणवेश चढवून आलेले डॉक्टर, वकील, शिक्षकही होते. त्यांना कोझेल्स्क, ओस्ताश्कोव्ह आणि स्तारोबेल्स्क या तीन छावण्यांत ठेवले. तिथून घरी पत्रे येत.

५ मार्च १९४०ला मॉस्कोत सर्वोच्च पातळीवर निर्णय झाला, की या कैद्यांना खटला न चालवता गोळ्या घालाव्यात. त्या कागदावर स्टालिनची सही आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत सुमारे बावीस हजार माणसे मारली गेली. स्मोलेन्स्कजवळचे कातीनचे जंगल हे त्यातले एक ठिकाण, म्हणून साऱ्या हत्याकांडालाच कातीन म्हणतात. कैद्यांच्या कुटुंबांच्या याद्याही तयार करवल्या होत्या. १३ एप्रिलच्या रात्रीपासून त्या बायकामुलांना गाड्यांत कोंबून कझाकस्तानकडे पाठवले. म्हणजे नवरा तिकडे मारला जात होता आणि बायको इकडे हद्दपार होत होती. दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती.

१९४१ला हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टालिनला पोलंडची गरज पडली. हद्दपार पोलिशांना सोडण्यात आले. त्यांतले बरेच इराणमार्गे बाहेर पडले आणि काही आपल्या जामनगरला, काही वळिवड्याला पोहोचले. पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की यांनी स्टालिनला समोरासमोर विचारले, आमचे अधिकारी कुठे आहेत? पळून गेले असतील, कदाचित मांचुरियात, असे उत्तर मिळाले.

एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी कातीनची थडगी जगाला दाखवली. रशियाने जर्मनांवरच ठपका ठेवला आणि युद्ध जिंकणाऱ्याची बाजू पुढे अधिकृत ठरली. कम्युनिस्ट पोलंडमध्ये तर थडग्यावर '१९४०' हे खरे साल कोरणेसुद्धा जोखमीचे होते. १९४१ लिहिले, की खून जर्मनांचा. १९४० लिहिले, की रशियाचा. एका आकड्यात सगळा गुन्हा मावत होता.

जगप्रसिद्ध दिग्दर्शक आन्द्रेय वायदा हा अशाच एका मुलाचे नाव. वडील याकुब वायदा हे सैन्यात कॅप्टन. ते गेले तेव्हा आन्द्रेय तेरा वर्षांचा होता. १९४३ला प्रसिद्ध झालेल्या यादीत वायदा हे आडनाव होते, पण पहिले नाव निराळे होते. तेवढ्या एका फरकाच्या आधारावर आईने आशा धरली आणि १९५०ला ती गेली, तेव्हाही वाट पाहणे संपले नव्हते. वडील स्तारोबेल्स्कच्या छावणीत होते आणि त्यांना खारकीव्हमध्ये मारले, हे मुलाला अनेक दशकांनी कळले. कम्युनिस्ट राजवट असेपर्यंत या विषयावर चित्रपट करणे अशक्यच होते. 'कातीन' २००७ साली आला, तेव्हा वायदा ८१ वर्षांचे होते.

१३ एप्रिल १९९०ला सोव्हिएत सरकारने गुन्हा कबूल केला. १९९२च्या ऑक्टोबरात स्टालिनच्या सहीचा कागद पोलंडच्या हाती आला. तरीही रशियाने आपला तपास २००४ला बंद केला आणि तो बंद करण्याचा आदेशही गुप्त ठेवला. मृतांचे वारस युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २०१३ला न्यायालय म्हणाले, की तपास पुरेसा होता की नाही हे ठरवणे आमच्या अधिकारकक्षेत येत नाही. मात्र तो आदेश न्यायालयाला न देऊन रशियाने आपले बंधन मोडले, असेही त्याने नोंदवले.

इतक्या वर्षांनी हे जाणून मिळते काय, असे कोणी विचारील. आम्हा कोकणी मुसलमानांत शाफई रीत आहे. तिच्यात मय्यत समोर नसली, तरी दूर वारलेल्यासाठी जनाज्याची नमाज पढता येते. पण तो वारला, हे ठाऊक असावे लागते. बाईची इद्दत मोजायची, तरी नवऱ्याच्या मरणाची तारीख लागते. हिंदू घरात श्राद्धाला तिथी लागते. म्हणजे शोक करायलासुद्धा माहिती लागते. ज्याने माहिती दडवली, त्याने माणूस तर मारलाच, शिवाय घरच्यांचा रडण्याचा हक्कही काढून घेतला.

म्हणून मुलगा म्हातारपणीही विचारत राहतो. बदला घेण्याचे त्याचे वय उलटलेले असते, मारणारेही मेलेले असतात. त्याला एक तारीख हवी असते, एक जागा हवी असते आणि वडिलांचे नाव यादीत बरोबर लिहिलेले हवे असते. वळिवड्यात वाढलेल्या मुलांपैकी काहींनी ही एवढीशी मागणी कोल्हापूरहून निघताना सोबत नेली होती. ती पुरी व्हायला अर्धे शतक लागले, आणि काहींची अजून झालेली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)