आयत्या वेळी मोडलेलं शूट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात कॅमेरा हा बहुतेकांचा जोडधंदा आहे. कंपनीत क्वालिटीला असलेला मुलगा सुट्टीच्या दिवशी लेन्स पुसून बाहेर पडतो. आकुर्डीच्या कॉलेजातली किंवा हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी पोर्टफोलिओसाठी उभी राहते. मेकअप करणारी ताई पार्लरमधून वेळ काढून येते. पूर्णवेळ स्टुडिओवाले आहेत, पण त्यांचंही पोट लग्नाच्या ऑर्डरींवर आणि कंपन्यांच्या कॅटलॉग, सेफ्टी पोस्टर, खंडेनवमीच्या पूजेच्या कामांवर चालतं. अशा ठिकाणी आदल्या रात्री 'सॉरी, उद्या नाही जमणार' असा मेसेज आला की चार जणांचा दिवस जातो आणि भरलेलं भाडंही जातं. राग येतोच. पण त्या रागातून ज्या समजुती पक्क्या झाल्या आहेत, त्यांच्यामुळे कुणी आपला हक्क सोडून देतो, तर कुणी नसलेला हक्क गाजवतो.

गैरसमज: नवीन मुलामुलींना शिस्त नसते, म्हणून शूट रद्द होतात.

काहींना नसते, हे खरं. पण या पट्ट्यात त्याआधी शिफ्टचा तक्ता पाहायला हवा. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आयटीवाल्यांची शनिवार-रविवारी, कॉलेजची रविवारी. म्हणजे फोटोग्राफर, मॉडेल आणि मेकअपवाली यांना एकच दिवस मोकळा मिळणं मुळातच कठीण. त्यात फर्स्ट, सेकंड, नाइट अशी शिफ्ट आठवड्याला बदलते. पुढच्या शिफ्टचा जोडीदार कामावर आला नाही की सुपरवायझर थांबवून घेतो. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. एकीकडे दुप्पट पगाराचे चार तास आणि दुसरीकडे बिनपैशांचं शूट, यात घर चालवणारा मुलगा काय निवडेल हे सांगायला नको. मी त्याला दोष देणार नाही. पुढच्या आठवड्याची शिफ्ट कळायच्या आधी तारीख देऊन मोकळं होणं आणि नकार रात्री अकराला कळवणं, दोष द्यायचा तो याला.

म्हणून इथे तारीख ठरवताना पहिला प्रश्न 'त्या आठवड्यात शिफ्ट कोणती?' हा असला पाहिजे, आणि तारीख पक्की करायची ती तक्ता लागल्यानंतरच. दुसरी गोष्ट वेळेची. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात शिफ्ट सुटताना सापडलेला माणूस वेळेवर येऊच शकत नाही. कंपन्यांच्या बस आणि मालाचे कंटेनर रस्त्यावर नसतील अशी वेळ निवडली की 'आली नाही' म्हणून मोडणारी कित्येक शूट 'जरा उशिरा आली' एवढ्यावर निभावतात.

गैरसमज: कागदावर सही नाही, म्हणजे करारच नाही. टीएफपीत तर पैसेही नसतात.

सर्वांत जास्त नुकसान ही समजूत करते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे, एखाद्या दुसऱ्या कायद्याने लेखीची अट घातलेली नसेल तर तोंडी करारही करारच असतो. शूटच्या करारावर अशी अट नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार, इलेक्ट्रॉनिक साधनांनी झाला एवढ्याच कारणावरून करार अमान्य ठरत नाही. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'डन, १४ तारखेला सात वाजता' हेही वचन आहे. फक्त ते दाखवता आलं पाहिजे. मेसेज आपोआप पुसण्याची सोय बंद ठेवा, आणि फोन बदलताना चॅट जपा. भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट पुढे करून भागत नाही.

टीएफपी म्हणजे पैशांऐवजी फोटोंच्या बदल्यात काम. कायद्याला मोबदला लागतो, पण तो नोटांमध्येच हवा असं नाही. तिने चार तास द्यायचे, त्याने पंधरा एडिट केलेले फोटो द्यायचे, ही परस्पर वचनंच एकमेकांचा मोबदला आहेत. याचा अर्थ ती आली नाही तर जसा वचनभंग, तसाच त्याने सहा महिने फोटो दिले नाहीत तर तोही वचनभंगच. मॉडेलच्या गैरहजेरीवर खूप बोललं जातं, अडकवून ठेवलेल्या फोटोंवर फार कमी. फोटो हातात न पडलेली मुलगी पुढच्या फोटोग्राफरचं काम हलकं धरते, त्यात नवल नाही.

कलाकार आयत्या वेळी आला नाही तर काय, हा प्रश्न आजचा नाही. करार कायद्यातल्या उदाहरणांत एक गायिका येते. दोन महिने, आठवड्याला दोन रात्री, दर रात्री शंभर रुपये, अशा बोलीवर ती एका नाटकगृहात गाणार असते. सहाव्या रात्री ती मुद्दाम गैरहजर राहते. कलम ३९ सांगतं की व्यवस्थापक करार तिथेच संपवू शकतो. पण त्याच्या संमतीने ती सातव्या रात्री गायली, तर त्याला करार संपवता येत नाही. सहाव्या रात्रीची भरपाई मात्र मागता येते. कलम ६५ त्याच गायिकेची दुसरी बाजू पाहतं: करार मोडला तरी आधीच्या पाच रात्रींचे पैसे तिला द्यावेच लागतात.

हे आजच्या कामाला लावून पाहा. चार दिवसांच्या कॅटलॉग शूटमध्ये मुलगी तीन दिवस आली आणि चौथ्या दिवशी आली नाही, तर 'आता एक रुपयाही मिळणार नाही' हे बेकायदा आहे. तिच्यामुळे झालेलं नुकसान वेगळं मागता येतं, तीन दिवसांची मजुरी बुडवता येत नाही.

आजारपणाचं उत्तरही कलम ६५ मध्येच आहे. एका मैफलीसाठी हजार रुपये आगाऊ घेतलेला गायक आजारी पडला, तर आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, पण घेतलेले हजार रुपये परत करायचे. इतका न्याय्य तोल दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात असताना आपण अजून 'खरंच ताप होता का' यावर भांडतो, याचं वाईट वाटतं.

कबूल केलं म्हणून कोर्ट कुणाला कॅमेऱ्यापुढे आणून उभं करील, असं मात्र होणार नाही. ज्या कामात माणसाचे वैयक्तिक गुणच महत्त्वाचे, ते सक्तीने करून घेता येत नाही. लंडनमध्ये १८५२ साली योहाना वॅग्नर ही गायिका एका नाट्यगृहाशी करार करून जास्त पैशांसाठी दुसरीकडे गायला निघाली, तेव्हा न्यायालयाने तिला दुसरीकडे गाण्यापासून रोखलं. पहिल्याकडे गाच, असा हुकूम देणं मात्र आपल्या हाती नसल्याचं सांगितलं. आपला १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष कायदाही याच वाटेने जातो.

गैरसमज: अ‍ॅडव्हान्स कधीच परत मिळत नसतो.

पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलं की प्रश्न मिटला, असं स्टुडिओवाले आणि लग्नाच्या ऑर्डरी घेणारे दोघेही समजतात. करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नसते. सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा मौला बक्ष यांचा निकाल इथे पाहण्यासारखा आहे. लष्कराला बटाटे, कोंबड्या आणि अंडी पुरवण्याचं त्यांचं कंत्राट होतं. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने १०,००० आणि ८,५०० रुपयांच्या अनामत रकमा जप्त केल्या. दुसरीकडून माल घेताना किती नुकसान झालं हे सहज सिद्ध करता आलं असतं, पण सरकारने ते केलं नाही, म्हणून जप्ती टिकली नाही.

शूटचं नुकसानही मोजता येतं. स्टुडिओचं भाडं, भाड्याने आणलेले लाइट, मेकअपवालीचे पैसे, गाडी. पावत्या ठेवा. आणि हा खर्च होणार आहे हे समोरच्याला आधी सांगा, कारण कलम ७३ प्रमाणे भरपाई मिळते ती मोडण्यातून स्वाभाविकपणे होणाऱ्या किंवा दोघांना आधीच ठाऊक असलेल्या नुकसानीची. पर्यायी मॉडेल मिळत असताना शोधलीच नाही, तर तेही तुमच्या विरोधात धरलं जातं.

एवढा मेसेज पुरेसा असतो: '१४ तारीख, सकाळी ७ ते ११, निगडीत भक्ती-शक्ती चौकात भेट. दोन पोशाख. १५ एडिट केलेले फोटो २१ दिवसांत. स्टुडिओचे २,००० भरले आहेत. ४८ तासांच्या आत रद्द केल्यास त्यातले निम्मे द्यावेत. आजारी असल्यास नवी तारीख. मी रद्द केलं तर तुमचा येण्याजाण्याचा खर्च माझ्याकडे.' शेवटचं वाक्य गाळू नका. अट दोन्ही बाजूंना सारखी असली की लोक ती मानतात.

पावसाचंही त्यातच लिहा. जुलैत पवना धरणाकडे शूट ठेवून 'पाऊस आला' हे अनपेक्षित संकट म्हणता येत नाही.

गैरसमज: मी नाही गेलो, पण माझा माणूस पाठवला, म्हणजे शब्द पाळला.

लग्नाच्या दाट तिथीला हे सर्रास चालतं. एकाच मुहूर्ताच्या दोन ऑर्डरी घ्यायच्या, एकीकडे स्वतः जायचं आणि दुसरीकडे ओळखीच्या मुलाला पाठवायचं. करार कायद्याचं कलम ४० इथे चित्रकाराचं उदाहरण देतं: चित्र काढून देण्याचं वचन ज्याने दिलं, त्यानेच ते काढायचं. वधूपक्षाने एखाद्याचे आधीचे अल्बम पाहून त्यालाच निवडलं असेल, तर न विचारता दुसरा पाठवणं हा वचनभंग आहे. 'आमच्या टीममधला कुणीही येईल' असं आधी ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. हळद पुन्हा लागत नाही, अक्षता पुन्हा पडत नाहीत. म्हणून फोटोग्राफरच्या गैरहजेरीला मी मॉडेलच्या गैरहजेरीपेक्षा कितीतरी गंभीर मानतो. घरच्या लग्नासाठी पैसे देऊन फोटोग्राफर ठरवणारं कुटुंब कायद्याच्या नजरेत ग्राहक असतं. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही.

गैरसमज: दारापर्यंत येऊन परत जाणारी मुलगी बेभरवशाची.

आधी विचारा, ठरलेलं काय होतं? स्टुडिओ सांगून आयत्या वेळी कुणाच्या रिकाम्या फ्लॅटवर बोलावलं, सोबत मैत्रिणीला आणू नको म्हटलं, पोशाख बदलला, तर करार तुम्ही बदललात. बदलाला दोघांची संमती लागते. ती 'नाही' म्हणून परत गेली तर तिने काहीही मोडलेलं नाही. अशा मुलीला ग्रुपवर 'अनप्रोफेशनल' ठरवलं जातं, हे या क्षेत्राला लागलेलं खरं दूषण आहे. मॉडेल अठराच्या आतली असेल तर तिच्याशी केलेला करारच कायद्याने उभा राहत नाही, हे १९०३ पासून ठरलेलं आहे. तेव्हा बोलणी आईवडिलांशी करा आणि त्यांना शूटला बोलवा.

गैरसमज: नाव आणि फोटो ग्रुपवर टाकला की धडा मिळतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिणंही बदनामी ठरू शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. 'पण खरंच आहे' एवढं उत्तर पुरत नाही. ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. कुणी फोन करून विचारलं, तर घडलं तेवढंच सांगावं.

गैरसमज: मोठ्या कंपनीचं काम म्हणजे रद्द होण्याची चिंता नाही.

चाकणच्या कारखान्यात कॅमेरा आत न्यायला वेगळी परवानगी लागते, पाहुण्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गेटवरच स्टिकर लावतात, सेफ्टी शूजशिवाय शॉपमध्ये पाऊल टाकू देत नाहीत. गेटपास निघाला नाही किंवा लाइन थांबवता आली नाही की शूट पुढे जातं, आणि दिवस बुडतो तो फोटोग्राफरचा. पर्चेस ऑर्डरमध्ये 'गेटवरून परत पाठवल्यास अर्ध्या दिवसाचं शुल्क' ही ओळ घालून घ्या. झालेल्या कामाचं बिल रखडलं, तर उद्यम नोंदणी असलेल्या फोटोग्राफरला २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा मदतीला येतो: पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी काम घेण्याआधीच करा.

दोन-तीन हजारांसाठी कुणी दावा लावत नाही, हे खरं. पण अटी लिहिलेल्या असल्या की फोनवरचं बोलणं लवकर मिटतं, आणि नाही मिटलं तर दोघांच्या संमतीने दाव्याआधीच लोकअदालतीत जाता येतं. तिथे कोर्ट फी नाही. ग्राहक तक्रारीची मुदत २ वर्षं आणि करारभंगाच्या भरपाईची ३ वर्षं आहे. तेवढा काळ शूटचे मेसेज आणि पावत्या पुसू नका.